पायथनमधील पूर्वपक्ष

वाङ्मयीन वादांचा इतिहास वाचताना एक गोष्ट आम्हांला नेहमी खटकते. हरलेल्याचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचते ते बहुधा जिंकलेल्याच्या शब्दांत. आपल्या शास्त्रग्रंथांनी पूर्वपक्ष आधी मांडून मगच त्याचे खंडन करण्याची शिस्त घालून दिली होती. तिचे एक दूरचे भावंड आम्हांला सापडले ते संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांमध्ये.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ग्वीदो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरने १९९१ मध्ये प्रथम प्रसृत केली. पुढे तिला देशोदेशींचे हात लागले, आणि अर्थातच मतभेदही आले. २००० पासून तेथे रीत पडली, की भाषेत मोठा बदल सुचवायचा तर लेखी प्रस्ताव मांडावा, आणि कोणते पर्याय का नाकारले हेही त्यातच नोंदवावे. फेटाळलेला प्रस्तावसुद्धा तशा शेऱ्यासह जपला जातो. अखेरचा शब्द मात्र ग्वीदोंचा. सहकाऱ्यांनी त्यांना १९९५ मध्ये अर्ध्या थट्टेने 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' अशी पदवीच दिली होती.

या रीतीची कसोटी लागली २०१८ मध्ये, प्रस्ताव क्रमांक ५७२ च्या वेळी. विषय एका चिन्हाचा: अपूर्णविराम आणि त्याला लागून बरोबरचे चिन्ह. आडवे पाहिले तर वॉलरस या सुळेवाल्या समुद्री प्राण्याचा चेहरा दिसतो, म्हणून त्याचे नाव वॉलरस. एखाद्या पदावलीच्या पोटातच किंमतीला नाव देण्याची सोय त्याने होणार होती. विरोधकांचे म्हणणे असे, की यामुळे वाक्य गच्च होईल, नवशिक्या गोंधळेल, आणि एकाच कामाला दोन वाटा फुटतील. एका कामाला एकच उघड वाट असावी, हे पायथनचे जुने सूत्र. गंमत अशी, की ते सूत्र लिहिणारे टिम पीटर्स हे या प्रस्तावाच्या तिघा लेखकांपैकी एक होते! (ख्रिस अँजेलिको आणि स्वतः ग्वीदो हे उरलेले दोघे.) प्रस्तावात वारंवार घेतलेल्या आक्षेपांना स्वतंत्र विभाग दिला आहे, नाकारलेल्या पर्यायांनाही. पूर्वपक्षाची एवढी बूज राखूनही वाद मात्र कडवट झाला.

जुलै २०१८ मध्ये प्रस्ताव मंजूर झाला, आणि १२ जुलैला ग्वीदोंनी पद सोडले. एका प्रस्तावासाठी इतके झगडावे लागावे आणि इतक्यांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हे पुन्हा नको, अशा आशयाचे त्यांचे पत्र आहे. उत्तराधिकारी नेमण्यासही त्यांनी नकार दिला.

आमच्या मते येथे दोष नोंदीच्या पद्धतीचा नव्हता. लेखक आणि न्यायाधीश एकच असल्यावर प्रत्येक आक्षेप व्यक्तीवरच जाऊन आदळतो. सहकाऱ्यांनी काढलेला तोडगा हेच सांगतो. कारभार कसा चालावा याविषयीही त्यांनी निरनिराळे लेखी प्रस्तावच मांडले. डिसेंबर २०१८ मध्ये मतदान होऊन पाच जणांच्या निवडून आलेल्या मंडळाची योजना स्वीकारली गेली. एकाच मालकाकडे काम करणारे दोघांहून अधिक सदस्य त्यात नसावेत, आणि मंडळाने आपला अधिकार शक्य तितका कमी वापरावा, असे तिच्यात नमूद आहे.

२०१९ च्या आरंभी पहिले मंडळ निवडून आले. पाचांपैकी एक ग्वीदो होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वॉलरससह पायथनची ३.८ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.