गाडीवानाचा कायदा आणि कंपनीचा गुन्हा

शासकीय सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत उत्तर भारतातील एका तपासणी नाक्यावर मी एक अडविलेला ट्रक पाहिला. मे महिन्याची दुपार होती. एकावर एक रचलेल्या जाळीच्या खोक्यांत कोंबड्या इतक्या दाटीने कोंबल्या होत्या की त्यांतील मेलेल्या कोणत्या आणि जिवंत कोणत्या हे निरखूनही कळेना. ट्रकचालकावर खटला झाला. त्याने गुन्हा कबूल केला आणि पन्नास रुपये दंड भरून तो मोकळा झाला. खोकी आपण भरली नाहीत, ती कुक्कुटपालन केंद्राच्या आवारातच भरून मिळाली, एवढेच तो पुनःपुन्हा सांगत होता. बिल्टीवर माल पाठविणाऱ्या कंपनीचे नाव स्वच्छ छापलेले होते. तिला कोणी काही विचारले नाही.

हा त्या नाक्यावरील अंमलदारांचा हलगर्जीपणा, असे मला तेव्हा वाटले. पुढे कायदा बारकाईने वाचल्यावर ध्यानात आले की या प्रश्नाची मुळे इतिहासात आहेत.

कोल्सवर्दी ग्रँट यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये कलकत्त्यात प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. तिच्या डोळ्यांसमोर होते ते रस्त्यावरचे बैल आणि घोडे. १८९० चा अखिल भारतीय कायदाही मुख्यतः याच दृश्यातून जन्मला. त्याचा आरोपी म्हणजे चाबूक हाती घेतलेला गाडीवान. एप्रिल १९३० मध्ये कडक उन्हाच्या तासांत मालाच्या बैलगाड्या हाकण्यास मनाई करणाऱ्या नियमाविरुद्ध कलकत्त्याच्या गाडीवानांनी संप केला. गाड्या आडव्या घालून रस्ते अडविले गेले आणि पोलिसांनी गोळीबार केला. मुक्या जनावराला दुपारी विसावा मिळावा, हा नियमाचा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु त्याची किंमत मोजली ती गाडीवानाने, आपल्या बुडालेल्या मजुरीतून. माल वेळेत हलावा अशी निकड ज्यांची होती, त्या पेढ्यांवर नियमाने कोणताच भार टाकला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत नव्या कायद्यासाठी खासगी विधेयक मांडले. शासन स्वतःच विधेयक आणील, या पंतप्रधान नेहरूंच्या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्यातून १९६० चा अधिनियम आला. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, अतिभार, वेदनादायक वाहतूक, हालचालीला वाव न देणारा पिंजरा अशा कृत्यांची सविस्तर यादी आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. त्या काळी गाडीवानाला ही रक्कम जड होती. म्हणजे शिक्षेचे मापही त्याच्याच खिशावरून घेतले होते.

कंपन्यांच्या गुन्ह्यांची संसदेला तेव्हा कल्पना नव्हती असे म्हणता येत नाही. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आणि १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा या दोहोंत कंपनीने केलेल्या गुन्ह्याबद्दल जबाबदार अधिकाऱ्यांना दोषी धरणारे स्वतंत्र कलम होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही ते आले. १९६० च्या अधिनियमात मात्र असे सर्वसाधारण कलम नाही. अपवाद एकच. प्राण्यांवरील प्रयोगांसंबंधीच्या उल्लंघनात संस्थेचा प्रमुख दोषी मानला जाईल, असे कलम २० सांगते. प्रयोगशाळेच्या बाबतीत संसदेला संस्था दिसली. गोठ्यात, वाहनात आणि पिंजऱ्यापाशी फक्त माणूस दिसला.

मग कंपनी या कायद्याच्या बाहेर आहे काय? माझ्या मते नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीचा समावेश होतो. म्हणून प्राण्याची ‘मालक’ कंपनीही असू शकते. शिवाय कलम ११ चे दुसरे पोटकलम म्हणते की, क्रूरता टाळण्यासाठी वाजवी काळजी व देखरेख ठेवण्यात कसूर करणारा मालक गुन्हेगार मानला जाईल. कंपनीला चाबूक धरणारा हात नसतो. तिच्यापाशी असते ती देखरेखच. तबेल्याच्या मालकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले वाटणारे हे पोटकलम कंपनीला अधिक चपखल बसते. दुर्दैवाने त्याचा उपयोग फारसा होताना मी पाहिला नाही.

न्यायालयीन वाटही मोकळी झाली आहे. स्टँडर्ड चार्टर्ड बँक प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरविले की, कंपनीला तुरुंगात पाठविता येत नाही म्हणून तिच्यावर खटलाच नको, हा युक्तिवाद टिकत नाही. इरिडियम प्रकरणात २०१० मध्ये कंपनीलाही गुन्हेगारी हेतू चिकटविता येतो हे स्पष्ट झाले. मात्र सुनील भारती मित्तल प्रकरणात २०१५ मध्ये न्यायालयाने बजावले की, कायद्यात तशी तरतूद नसेल, तर केवळ पदावर असल्यामुळे संचालक आपोआप आरोपी होत नाही. त्याचा प्रत्यक्ष सहभाग दाखवावा लागतो. परिणामी, १९६० च्या कायद्याखाली कंपनी सापडू शकते, पण निर्णय घेणारी माणसे सहसा निसटतात.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे गॅरी बेकर यांचा १९६८ चा निबंध आठवतो. पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षेचे प्रमाण यांचा हिशेब गुन्हेगार करतो, असे तो मांडतो. गाडीवान असा हिशेब करीत असेल काय, याची मला शंका आहे. कंपनी तो नक्की करते, कारण हिशेब हाच तिचा स्वभाव. विधी आयोगाने २०१७ च्या आपल्या २६९ व्या अहवालात अंडी व मांस यांसाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या स्थितीचा विचार केला. टंकलेखनाच्या कागदाएवढ्या जागेत एक कोंबडी ठेवल्याने जे वाचते, त्यापुढे पन्नास रुपये हा दंड नव्हे, परवाना शुल्क आहे. हा दंड प्रत्येक प्राण्यामागे मोजावा असेही कलमात नाही. त्यातच कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो. बंद आवारात काय चालते, हे बाहेर कळेपर्यंतच ही मुदत उलटून जाते.

सर्वोच्च न्यायालयाने नागराज प्रकरणात २०१४ मध्ये शिक्षा वाढविण्याची अपेक्षा संसदेकडे व्यक्त केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुधारणेचा मसुदा जनतेपुढे ठेवला. शिक्षा वाढावी हे मान्य. पण आरोपी कोण हे न ठरविता ती वाढली, तर चटका पुन्हा चालकालाच बसेल. म्हणून मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात : कंपनीच्या गुन्ह्याबद्दल स्वतंत्र कलम, प्राण्यांच्या संख्येवर आधारित दंड आणि दीर्घतर मुदत. यातील पहिली तर संसदेने १९५४ पासून अनेकदा लिहिली आहे. नवे काही शोधावयाचे नाही.

त्या चालकाचे बोलणे नाक्यावर सर्वांना कांगावा वाटले होते. वस्तुतः तो खटल्याचा महत्त्वाचा पुरावा देत होता. तो नोंदवून घेण्याची सोय आपण कायद्यात ठळकपणे केली नव्हती, इतकेच.