ईसानच्या लेकी आणि उत्तर समुद्राचा किनारा

डेन्मार्कच्या वायव्य टोकाला, जटलंड द्वीपकल्पावर, त्यू नावाचा एक सखल प्रदेश आहे. उत्तर समुद्रावरून येणारा वारा येथे क्वचितच थांबतो. वाळूचे ढिगारे, खुरटी झुडुपे, विरळ शेतवाड्या आणि हान्स्टहोल्मसारखे मासेमारीचे बंदर, एवढीच या भागाची जुनी ओळख. अशा या एकाकी मुलखात विसाव्या शतकाच्या अखेरीस एक अनपेक्षित वस्ती वाढू लागली. थायलंडच्या खेड्यांतून आलेल्या स्त्रिया तेथील शेतकरी, कोळी आणि कामगार यांच्याशी विवाह करून संसार थाटू लागल्या. सुमारे पंचवीस वर्षांत त्यांची संख्या नऊशेच्या पुढे गेली.

चित्रपट दिग्दर्शक यानुस मेट्स आणि मानवशास्त्रज्ञ सीने प्लाम्बेक या दोघांनी या स्त्रियांच्या जीवनावर तीन अनुबोधपट तयार केले. पहिले दोन २००७-०८ च्या सुमारास पडद्यावर आले. तिसरा २०१८ साली आला. त्याच्या डॅनिश नावाचा अर्थ 'हृदयभूमी' असा होतो. पहिल्या चित्रीकरणापासून शेवटच्या चित्रपटापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आग्नेय आशियातून युरोपात गेलेल्या स्त्रियांचे चित्रण या पूर्वीही झाले होते; पण त्यांच्या आयुष्याबरोबर इतका काळ चालत राहणारे चित्रण विरळाच. त्याचे मोल कळण्यासाठी या स्त्रिया कोठून निघाल्या, हे आधी पाहिले पाहिजे.

थायलंडच्या ईशान्य भागाला 'ईसान' म्हणतात. हे नाव संस्कृतातील 'ईशान' या दिशावाचक शब्दापासूनच आलेले आहे. देशाची सुमारे एक तृतीयांश भूमी व तितकीच लोकसंख्या या भागात आहे. परंतु जमीन रेताड, पाऊस लहरी आणि भाताचे पीक बहुतांशी त्या पावसाच्याच भरवशावर. बँकॉकच्या वैभवात ईसानचा वाटा फार थोडा, आणि तोही प्रामुख्याने मजुरीच्या रूपाने मिळालेला.

व्हिएतनाममधील युद्धाने या दरिद्री प्रदेशाला जागतिक राजकारणात ओढले. कोराट, उडोन, उबोन आणि नाखोन फनोम येथे अमेरिकेचे विमानतळ उभे राहिले. १९६९ च्या सुमारास थायलंडमध्ये जवळजवळ ५०,००० अमेरिकन सैनिक होते. रणांगणावरून रजेवर येणाऱ्या शिपायांच्या विश्रांतीची व करमणुकीची सोय करण्यासाठी १९६७ साली दोन्ही सरकारांत करारही झाला. सियामच्या आखातावरील पटाया हे कोळ्यांचे लहानसे गाव या काळात मद्यालयांचे आणि देहविक्रयाचे नगर बनले. १९७६ साली सैन्य परत गेले, पण बाजार उठला नाही. शिपायांच्या जागी युरोपातील प्रवासी आले, आणि त्या बाजारात उभ्या राहणाऱ्या मुली पूर्वीप्रमाणेच बहुसंख्येने ईसानमधून येत राहिल्या.

दारिद्र्य हे या स्थलांतराचे एक कारण झाले. दुसरे कारण घराच्या रीतीत होते. ईसानमध्ये विवाहानंतर जावई सासरच्या घरी राहावयास येतो आणि आईबापांचे घर पुष्कळदा धाकट्या लेकीकडे जाते. अर्थातच त्यांच्या वार्धक्याचा भारही लेकीच वाहतात. मुलगा काही काळ भिक्षू होऊन आईबापांना पुण्य मिळवून देऊ शकतो. मुलीला ते ऋण कष्टाने आणि पैशाने फेडावे लागते. या ऋणाला थाई भाषेत 'बुनखुन' म्हणतात. आपले 'पुण्य' आणि 'गुण' हेच शब्द पाली-संस्कृतातून त्या देशी जाऊन तेथे एकत्र आले, आणि त्यांतून उपकाराचे न फिटणारे देणे असा अर्थ निर्माण झाला. घर सोडून गेलेली मुलगी कुळाला विसरली असे ईसानमध्ये सहसा कोणी म्हणत नाही. ती पैसे पाठवीत असेल, तर ती कुळाचा आधारच ठरते.

त्यूची बाजू याच्या अगदी उलट होती. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी तेथील तरुण मुली मोठ्या शहरांकडे गेल्या. शेती आणि मासेमारी सांभाळणारे पुरुष मागे राहिले. एका देशात लेकींवर घराचा भार आणि दुसऱ्या देशात घरे रिकामी, अशा दोन उणिवा पटायाच्या मार्गाने एकमेकींना भेटल्या. पहिली स्त्री आली, तिने आपल्या गावची दुसरी आणली, दुसरीने तिसरी; आणि एका खेड्याची नाती समुद्रापार पसरत गेली.

या साखळीचा उगम पहिल्या चित्रपटात दिसतो. पटायात उमेदीची वर्षे काढून आलेली एक वडीलधारी स्त्री त्यूमध्ये डॅनिश पतीबरोबर स्थिरावली आहे. तिच्या नात्यातली एक तरुणी तीन महिन्यांच्या परवान्यावर येते, आणि तेवढ्या अवधीत तिच्यासाठी वर शोधावयाचा आहे. डेन्मार्कने २००२ साली परदेशी जोडीदाराविषयीचे नियम अत्यंत कडक केले होते: पतिपत्नी दोघांनीही चोविसावे वर्ष पूर्ण केलेले असावे, बँकेत तारणाची रक्कम ठेवलेली असावी, आणि दोघांचे मिळून डेन्मार्कशी असलेले संबंध अन्य कोणत्याही देशापेक्षा दृढ असावेत. यांपैकी शेवटची अट २०१८ साली रद्द होऊन तिच्या जागी दुसऱ्या अटी आल्या. चित्रपटातील वधूवरांना मात्र एकमेकांची भाषा समजण्यापूर्वीच कायद्याची भाषा समजून घ्यावी लागते. त्यांचे अडखळते संवाद, कॉफीच्या टेबलाभोवतीचे संकोच आणि तारखांकडे लागलेले डोळे पाहताना प्रेक्षकाला हसूही येते आणि पुढच्याच क्षणी त्या हसण्याची लाजही वाटते.

दुसरा चित्रपट ईसानमधील खेड्याकडे वळतो. तेथे परदेशच्या पैशाने बांधलेली पक्की घरे आहेत, आणि शेजारी जुनी लाकडी घरेही आहेत. कोणाची लेक कोठे आहे, हे भिंतींवरूनच ओळखता येते. येथेच एक तरुणी भेटते, जिला डेन्मार्कची वाट मोकळी नाही. तिच्यापुढे पटायाची वाट उरते. पहिल्या चित्रपटातील विवाहाची खरी किंमत या दुसऱ्या चित्रपटात कळते. कारण ज्यांना तो विवाह लाभला नाही, त्यांचे काय होते हे तो दाखवितो.

अशा स्त्रियांविषयी पश्चिमेत दोन निवाडे फार दिवस तयार होते. एक, त्या बळी आहेत, कोणीतरी त्यांना विकले आहे. दुसरा, त्या धूर्त आहेत, पैशासाठी भोळ्या पुरुषांना गाठतात. या निवाड्यांतून सुटू पाहणाऱ्या चित्रकर्त्यांचीही वाट सोपी नव्हती. ऑस्ट्रेलियाचे डेनिस ओ'रूर्क यांनी १९९१ साली बँकॉकमधील एका वारांगनेवर चित्रपट काढला, तेव्हा ते स्वतः तिचे गिऱ्हाईक झाले होते आणि ही गोष्ट त्यांनी चित्रपटात लपविली नाही. त्या प्रामाणिकपणाचे काहींनी कौतुक केले, तर इतरांनी त्याला स्त्रीच्या असहायतेचा दुसऱ्यांदा केलेला वापर म्हटले. पाहणारा कोठे उभा आहे, हा प्रश्न त्या वादाने कायमचा पुढे आणला.

डॅनिश चित्रपटांनी त्या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे सहवास. प्लाम्बेक या स्थलांतराचा अभ्यास करीत होत्या. चित्रपट त्या अभ्यासातून उगवले. निवेदकाचा आवाज निर्णय देत नाही. स्त्रिया आपसांत, आपल्या बोलीत, हिशेब मांडतात: आईच्या औषधाला किती, मुलाच्या शाळेला किती, घराच्या छपराला किती. आणि 'हृदयभूमी' पाहताना ध्यानात येते, की तयार निवाडे टिकतात ते एका भेटीपुरते. दहा वर्षांत सोयीसाठी जुळलेल्या विवाहात माया उपजते. पूर्वी वधूकडे गरजवंत म्हणून पाहणारा पती वयाने थकतो आणि तिच्या आधाराने जगू लागतो. व्यवहार आणि प्रेम यांच्यात पाश्चात्त्य मनाने आखलेली रेषा त्या स्वयंपाकघरांत हळूहळू पुसट होते.

पण काळ दुसरीही बाजू दाखवितो. ज्यांच्या शाळेसाठी आई गेली, ती मुले खेड्यात आजीआजोबांजवळ वाढतात. काही वर्षांनी मुलाला डेन्मार्कला आणावे, तर आई आणि मूल एकमेकांना अर्धवट परके झालेले असतात. पैसे दरमहा पोचतात. हरवलेली वर्षे मात्र पोचत नाहीत. बुनखुन फेडणारी लेक स्वतः आई म्हणून नवे ऋण करून बसते, आणि ते कोणी फेडावयाचे याचे उत्तर त्या समाजाच्या जुन्या रीतीत नाही. हे चित्रपट या ठिकाणी कोणालाही दोषी ठरवीत नाहीत, आणि म्हणूनच तेथील दुःख अधिक खोल वाटते.

या चित्रणाला मर्यादा आहेत. युरोपातील सगळ्याच थाई स्त्रिया ईसानच्या नव्हेत, पटायाहून आलेल्या तर नव्हेतच. आणि कॅमेरा अखेर डॅनिश हातांतच राहिला. तरीही स्थलांतराच्या इतिहासात ज्यांची नोंद परवान्याच्या अर्जापलीकडे झाली नसती, त्यांची नोंद येथे त्यांच्याच शब्दांत राहिली आहे. इतिहासकाराला करारांचे मसुदे मिळतात, सैन्याचे आकडे मिळतात, कायद्यांची कलमे मिळतात. त्या करारांचा आणि कलमांचा शेवट वाऱ्याने झोडपलेल्या एका किनाऱ्यावरच्या घरात कसा झाला, तेथे रात्री कोण कोणाच्या मुलाची आठवण काढीत जागी राहिली, हे पुढच्या पिढीला या तीन चित्रपटांतून कळेल.