देवडीवरचा परवलीचा शब्द

घरच्या संगणकाने घरच्याच माणसांना देवडीवर अडवून धरावे, या आपत्तीची वंशावळ १९६१ सालापर्यंत मागे जाते. त्या वर्षी अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची जी व्यवस्था सिद्ध केली, तीत प्रत्येकाचे दप्तर निराळे राहावे म्हणून परवलीच्या शब्दाचा पहारा बसला. आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, वाट्याला आलेला यंत्रकाल पुरेना म्हणून, त्या सर्व शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली! १९६६ मध्ये तर दोन फायलींची अदलाबदल होऊन, येणाऱ्या प्रत्येकापुढे दैनंदिन सूचनेऐवजी तीच यादी झळकली. शब्दाऐवजी त्याचे उलगडता न येणारे रूपच जतन करण्याची युनिक्स या संगणकप्रणालीतील रीत मॉरिस आणि थॉम्प्सन या संशोधकांनी १९७९ साली सविस्तर मांडली. विसरलेला शब्द यंत्रालाही सांगता येत नाही, ते या बंदोबस्तामुळेच.

विंडोज ९५ची चौकी मात्र निव्वळ शोभेची, ‘एस्केप’ दाबताच मुभा मिळे. एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत सेफ मोडमध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नावाचे खाते प्रकट होई, त्याला परवलीचा शब्द बहुधा नसेच, आणि जाणता दुरुस्तीवाला त्याच मागल्या दाराने आत शिरे. अर्थात कॅप्स लॉकचा इवलासा दिवा आधी पाहून घेतल्यावरच.