लाल रंग, इंडियन आणि नाचणारं झाड

१९ मार्च १८९२. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट स्ट्रीटवरच्या मैदानात माणसांची झुंबड उडाली होती. एका बाजूला चोवीस वर्षांचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली. दुसऱ्या बाजूला आदल्या ऑक्टोबरमध्ये पहिले वर्ग भरलेलं स्टॅनफर्ड. खेळाडू सज्ज, प्रेक्षक सज्ज, पण फुटबॉल आणायचं मात्र दोन्ही संघ विसरले. अखेर खेळाच्या सामानाच्या एका दुकानदाराने घोड्यावरून जाऊन तो आणला, अशी गोष्ट दोन्हीकडे आजही रंगवून सांगतात. स्टॅनफर्डच्या बाजूने व्यवस्था बघणारा विद्यार्थी हर्बर्ट हूवर होता, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला, असंही या गोष्टीत येतं. सामना स्टॅनफर्डने १४-१० असा जिंकला.

या संघाला तेव्हा टोपणनाव नव्हतं. अमेरिकेत विद्यापीठाच्या संघाला असं नाव लागतंच. वाघ, अस्वल, योद्धे, काहीही चालतं. बर्कलीच्या निळ्या-सोनेरी रंगासमोर स्टॅनफर्डची पोरं गडद तांबड्या, ‘कार्डिनल’ रंगात उतरली होती. वार्ताहरांनी हा निळ्यावर तांबड्याचा विजय ठरवला आणि तेव्हापासून रंग हीच संघाची ओळख झाली. अधिकृत टोपणनाव मिळायला आणखी अडतीस वर्षं जावी लागली. त्यानंतर ते बदलत गेलं, आणि दर वेळी ठरवणारे वेगळे होते.

नाव नसलं तरी ईर्ष्या भरपूर होती. १८९९ मध्ये बेसबॉलच्या सामन्याआधी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी निळ्या-सोनेरी कपड्यातल्या बुजगावण्याचं मुंडकं भल्यामोठ्या कुऱ्हाडीने उडवलं. ती कुऱ्हाड मिरवत ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि सामना संपल्यावर बर्कलीकरांनी ती हातोहात पळवली. दांडा कापून टाकला, पातं बँकेच्या तिजोरीत ठेवलं. वर्षातून एकदा मिरवणुकीपुरतं ते बाहेर निघायचं. १९३० च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डच्या एकवीस विद्यार्थ्यांनी डाव रचला. काहीजण छायाचित्रकार बनून बर्कलीच्या गर्दीत मिसळले, धुराचा गोंधळ उडवला आणि कुऱ्हाड परत आणली. स्टॅनफर्डमध्ये त्यांना ‘अमर एकवीस’ म्हणतात. १९३३ पासून दोन्ही विद्यापीठांच्या वार्षिक फुटबॉल सामन्याचा विजेता ही कुऱ्हाड नेतो.

त्याच १९३० च्या नोव्हेंबरमध्ये विद्यार्थी संघटनेच्या कार्यकारी समितीने एकमताने ठराव केला आणि स्टॅनफर्डचे संघ ‘इंडियन’ झाले. हे इंडियन म्हणजे भारतीय नव्हेत. मराठी पुस्तकांतून ज्यांना आपण रेड इंडियन म्हणून ओळखतो, ते अमेरिकेचे मूळ रहिवासी. हे नाव का सुचलं, याचा संबंध अनेकजण तेव्हाचे प्रशिक्षक ‘पॉप’ वॉर्नर यांच्याशी जोडतात. १९२४ मध्ये स्टॅनफर्डला येण्यापूर्वी वॉर्नर यांचं नाव झालं होतं ते पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेत.

कार्लाइल ही सरकारी निवासी शाळा. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर आणायचं, त्यांचे केस कापायचे, मातृभाषा बोलू द्यायची नाही आणि त्यांना ‘सुधारायचं’, हा तिचा उद्देश होता. पण याच शाळेच्या फुटबॉल संघाने नामांकित विद्यापीठांना धूळ चारली. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकणारा जिम थॉर्प वॉर्नर यांचाच शिष्य. त्याच वर्षी कार्लाइलने लष्करी अकादमीच्या संघाला २७-६ असं हरवलं. त्या संघाला इंडियन म्हणत, आणि ती मुलं खरोखरच इंडियन होती. स्टॅनफर्डने घेतलं ते नुसतं नाव.

पुढची चार दशकं ते मैदानावर मिरवलं. मोठ्या नाकाचं व्यंगचित्र सामानावर, पत्रिकांवर छापलं जाई. १९५१ पासून टिम विल्यम्स नावाचा गृहस्थ ‘प्रिन्स लाइटफूट’ बनून, डोक्यावर पिसांचा मोठा शिरपेच घालून सामन्यांत नाचू लागला. विल्यम्स स्वतः उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरोक जमातीचा होता. आपला नाच हा समाजाचा मान आहे, अशी त्याची धारणा होती आणि ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. त्यामुळे पुढचा वाद गोरे विरुद्ध इंडियन असा सरळ राहिला नाही.

वादाला तोंड फुटलं ते विद्यापीठात मूळ रहिवासी विद्यार्थी आल्यावर. तोवर ते जवळजवळ नव्हतेच. १९७० च्या सुमारास त्यांना प्रवेश मिळू लागला आणि त्याच शरदात प्रिन्स लाइटफूटचा कार्यक्रम बंद करा, अशी मागणी त्यांनी विद्यार्थी विभागाच्या हंगामी अधिष्ठात्यांपुढे ठेवली. दुसऱ्या बाजूला संघ ऐन भरात होता. क्वार्टरबॅक जिम प्लंकेटच्या संघाने १९७१ च्या पहिल्या दिवशी ओहायो स्टेटला हरवून ‘रोझ बाउल’ हा मानाचा सामना जिंकला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी स्टॅनफर्डने मिशिगनला १३-१२ असं एका गुणाने हरवलं. इंडियन या नावाला असे दिवस पूर्वी क्वचितच आले होते.

आणि त्याच १९७२ मध्ये ते नाव गेलं. स्टॅनफर्डमधले पंचावन्न मूळ रहिवासी विद्यार्थी कुलगुरू रिचर्ड लायमन यांना भेटले; कॅलिफोर्नियातल्या इतर महाविद्यालयांतल्या ३५८ जणांचा त्यांना पाठिंबा होता. आमची संस्कृती हे खेळातलं सोंग नव्हे, हा त्यांचा मुद्दा. विद्यापीठाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांनीही तो उचलून धरला. विद्यार्थी सिनेटने १८ विरुद्ध ४ मतांनी इंडियन हे चिन्ह रद्द केलं आणि लायमन यांनी निर्णय मान्य केला. माजी विद्यार्थ्यांमध्ये मोठी नाराजी पसरली. इंडियन परत आणा, ही मागणी पुढे बरीच वर्षं डोकं वर काढत राहिली, पण विद्यापीठ बधलं नाही.

मग आता म्हणायचं काय? तात्पुरतं ‘कार्डिनल्स’ ठरलं. त्यामुळे लोकांना त्या नावाचा पक्षी आठवू लागला, ज्याचा स्टॅनफर्डशी काडीचाही संबंध नव्हता. १९७५ मध्ये विद्यार्थ्यांपुढे नव्या नावांची यादी आली. झाडं, रेल्वेवाले, हूण अशी नावं तीत होती. पण गाजलं ते ‘रॉबर बॅरन्स’, लुटारू धनदांडगे. टोला थेट संस्थापकाला होता. लेलँड स्टॅनफर्ड हे सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष, राज्याचे गव्हर्नर, नंतर सिनेटर. एकुलता एक मुलगा पंधराव्या वर्षी विषमज्वराने गेल्यावर त्याच्या नावाने त्यांनी विद्यापीठ काढलं. रेल्वेच्या त्या पिढीतल्या श्रीमंतांना अमेरिकेत लुटारूच म्हटलं जाई. विद्यार्थी या नावावर खूश झाले. प्रशासनाला मात्र संस्थापकाची अशी थट्टा पचेना. तीन वर्षांनी अठरा संघांतल्या सव्वादोनशे खेळाडूंनी ‘ग्रिफिन’ या गरुडाचं डोकं-पंख आणि सिंहाचं धड असलेल्या काल्पनिक प्राण्यासाठी अर्ज केला. तोही बारगळला.

शेवटी १९८१ मध्ये कुलगुरू डोनाल्ड केनेडी यांनी निकाल लावला. नाव ‘कार्डिनल’, एकवचनी, आणि त्याचा अर्थ फक्त रंग. ना पक्षी, ना प्राणी, ना माणूस. १८९२ च्या वार्ताहरांनी जे धरलं होतं, त्यावर विद्यापीठाचं शिक्कामोर्तब झालं.

पण मैदानात रंगाला नाचवणार कसं? ही पोकळी भरून काढली बँडने. स्टॅनफर्डचा बँड शिस्तीपेक्षा चेष्टेसाठी प्रसिद्ध. १९७५ मध्ये मध्यंतराच्या कार्यक्रमात त्यांनी गमतीगमतीत काही शुभंकर लोकांपुढे आणून पाहिले. त्यांत वाफाळणारं मॅनहोल होतं, बटाट्याची तळलेली फोडही होती. लोकांना आवडलं ते झाड. विद्यापीठ ज्या पालो आल्टो गावाला लागून आहे, त्याचं नावच तिथल्या एका उंच रेडवुडवरून पडलेलं. तेच झाड विद्यापीठाच्या मुद्रेवरही आहे.

स्टॅनफर्डने सोडवलेला प्रश्न इतर विद्यापीठांपुढे नंतर कितीतरी वर्षं येत राहिला. डार्टमथने १९७४ मध्ये इंडियन हे चिन्ह टाकलं. २००५ मध्ये महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, एनसीएएने, अपमानकारक वाटणारी अशी नावं आणि चिन्हं आपल्या अंतिम स्पर्धांतून बंद केली. फ्लोरिडा स्टेटला ‘सेमिनोल’ हे नाव ठेवता आलं, कारण फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीनेच त्याला संमती दिली होती. नॉर्थ डकोटात मात्र ‘फायटिंग सू’ या नावावरून कज्जे झाले, जनमत घ्यावं लागलं आणि २०१५ मध्ये तिथले संघ ‘फायटिंग हॉक्स’ झाले.

निव्वळ रंगाच्या नावाने खेळणाऱ्या स्टॅनफर्डचं मैदानात काही अडलं नाही. सर्व खेळांतली कामगिरी मिळून दिला जाणारा ‘डायरेक्टर्स कप’ त्यांनी १९९४-९५ पासून २०१८-१९ पर्यंत सलग पंचवीस वर्षं जिंकला. झाडाला मात्र विद्यापीठाने कागदोपत्री शुभंकराचा दर्जा दिलेला नाही. ते बँडचंच आहे: त्याच्या वेषात नाचणारा विद्यार्थी बँड दरवर्षी निवडतो, आणि निवड झालेला आपला पोशाख स्वतःच शिवतो.