सॉकेट
चालू असलेल्या दोन संगणकीय प्रोसेसना परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करता यावी म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम पुरवते ते संपर्काचे टोक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतून १९८३ मध्ये ही रचना प्रसृत झाली. तिचे खरे सामर्थ्य एकसारखेपणात आहे : प्रोसेस एकाच यंत्रावर असोत वा दूरदूर, वाचण्या-लिहिण्याची रीत बहुतांशी तीच राहते. स्थानिक सॉकेटचा पत्ता सहसा फाइलचा मार्ग असतो. नेटवर्कवर आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक लागतो. टीसीपी या नेटवर्क-नियमावलीत (प्रोटोकॉल) सर्व्हर पोर्टवर जोडणीची वाट पाहतो. क्लायंटची जोडणी स्वीकारताच तिच्यासाठी वेगळे सॉकेट तयार होते आणि मूळ सॉकेट पुढच्या मागणीसाठी मोकळे राहते. टीसीपी बाइटांचा क्रम सांभाळते, पण संदेशांच्या सीमा राखत नाही. एकदा पाठवलेला मजकूर तुकड्यांत हाती येऊ शकतो. प्रोग्रॅम लिहिताना हे विसरणे महागात पडते. यूडीपी ही दुसरी नियमावली सीमा राखते, मात्र पोचण्याची हमी देत नाही.