धीवर आणि ढीवर

कोलितमारा हे गाव नागपूरहून दीड-दोन तासांवर, पेंच नदीच्या काठी. मागच्या हिवाळ्यात तिथल्या एका लॉजवर आम्ही तिघं मित्र उतरलो होतो. पाचशे मिमीची लेन्स भाड्यानं आणलेली, त्यामुळे पैसे वसूल करायचे ही पहिली चिंता. सकाळी होडीत बसलो. वाळलेल्या फांदीवर कवड्या खंड्या दिसला, काळापांढरा, कवडीसारख्या ठिपक्यांचा. मी घाईनं कॅमेरा उचलला, तर होडीवाले काका म्हणाले, "थांबा जी. थो आता उडते, मंग हवेत थबकते. तवा काढा."

तस्संच झालं. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तो थांबला आणि दगडासारखा खाली पडला. वर आला तेव्हा चोचीत मासा. फोटो इतका छान आला की मी तिथंच कॅप्शन टाइप केली : 'माणसाचा हात न लागलेलं जंगल'. रेंज नव्हती म्हणून पोस्ट झाली नाही. बरं झालं.

कारण ज्या पाण्यावर आम्ही तरंगत होतो ते नवेगाव खैरीच्या धरणाचं फुगलेलं पाणी. (गोंदियाकडचं नवेगावबांध वेगळं.) नदीच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशच्या सीमेवर तोतलाडोहचं मोठं धरण, तिथं १६० मेगावॉटचा वीजप्रकल्प. नागपूरच्या नळाला येणारं बहुतेक पाणी पेंचचंच, कोराडीच्या वीजकेंद्रालाही तेच. त्या 'अस्पर्श' पाण्यानं मी रोज दात घासतो!

महाराष्ट्रानं पेंचला राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं १९७५ मध्ये. तोतलाडोहचा जलाशय भरला त्यानंतर. म्हणजे जंगल आधी राखीव झालं आणि मग त्यातलं बरंचसं पाण्याखाली गेलं. धरण बांधायला आलेल्या मजुरांपैकी अनेकजण काम संपल्यावर तिथंच राहिले. समोर एवढं पाणी, त्यात मासे. ते मासेमारी करू लागले. पलीकडे मध्य प्रदेशात उद्यानासाठी उठवलेले आदिवासी होते. नदीत मासे धरण्याचा आमचा जुना हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या वनखात्यानं त्यांना ३०५ परवाने दिले. त्याविरुद्ध एक पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मार्च १९९७ मध्ये निकाल लागला.

मी तो निकाल वाचला. न्यायालयानं परवाने रद्द केले नाहीत, पण अटी घातल्या. ठरलेल्या रस्त्यानंच पाण्यापर्यंत जायचं. काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही. आणि प्रत्येकाकडे फोटो असलेलं ओळखपत्र हवं. या अटीवर मी अडखळलो. या पाण्यावर एकेकाळी फोटो सक्तीचा होता, तो माणसांचा.

आता तोतलाडोहात मासेमारीला बंदी आहे. ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. शेकडो माणसं रात्री-अपरात्री जंगलात जाळी घेऊन फिरली की लाकूडतोड आणि शिकारही मागोमाग येते, आणि मोठमोठ्या जाळ्यांपुढे पाणकावळ्यांनाही काही उरत नाही. पण लेन्सवाल्याला काठावर खुर्ची टाकून चहा मिळतो आणि जाळंवाल्याला बंदी, हे लॉजच्या व्हरांड्यात बसून जितकं साधं वाटतं तितकं ते नाही.

खंड्याचं मराठीतलं दुसरं नाव 'धीवर'. आणि आमच्या विदर्भात मासे धरणारा समाज म्हणजे 'ढीवर'. शब्द एकच, धरायचं तेही एकच. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते, तेव्हा पाखरांची आणि माशांची कितीतरी नावं त्यांना तळ्याकाठच्या ढिवरांकडून आणि गोंडांकडून कळली. 'सारंगागार' म्हणजे बगळ्या-करकोच्यांची वीण-वसाहत, हा शब्द मराठीला दिला तो त्यांनीच. गेल्या पिढीच्या पक्षीनिरीक्षकांनी त्यांची पुस्तकं वाचून डोळे उघडले. आम्ही ॲप उघडतो. ॲप नाव अचूक सांगतं, पण 'थांबा जी' म्हणत नाही.

त्या सकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. होडी काठाला लागल्यावर काकांनी फोटो पाहायला मागितला. मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली, झूम करून पंखांवरचे ठिपके दाखवायला लागलो. त्यांनी माझं बोट बाजूला केलं, फोटो चोचीकडे सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"रोहूचं पिलू हाये," ते म्हणाले. मग नंबर सांगितला, "पाठवा जी मले."