मालकाच्या जबाबदारीवर

सुरुवात घरगुती गोष्टीनं करतो. मागच्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत आणि बाकीचं सामान गोदामात, अशी वाटणी झाली. खोकी भरली की वर आतल्या वस्तूंचं नाव लिहायचं. ‘भांडी’, ‘पांघरुणं’, ‘पुस्तकं’ असं लिहीत गेलो आणि एका खोक्यापाशी अडलो. आत आईचा चष्मा, तिची पोथी, जुनी पत्रं. यावर काय लिहायचं? गोदामाच्या पावतीवर मात्र छापलेलंच होतं : माल मालकाच्या जबाबदारीवर.

ही अट मी पूर्वी एका सरकारी पत्रकात वाचली होती. साल १९४२, देश अमेरिका. ७ डिसेंबर १९४१ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या हुकुमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत हलवण्यात आलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. कुणावर खटला नाही, आरोपपत्र नाही.

खांबांवर, भिंतींवर पत्रकं लागली. साधारण आठवड्याची मुदत. बरोबर काय न्यायचं? अंथरूण, पण गादी नाही. कपडे, ताटवाट्या, चमचे. सगळं नीट बांधलेलं, वर मालकाचं नाव आणि कुटुंबाला दिलेला क्रमांक. आणि हातांनी उचलता येईल तेवढंच. पाळीव प्राणी नाहीत. शीतपेटी, कपडे धुण्याचं यंत्र, पियानो अशा जड वस्तू सरकार साठवून ठेवील, पण जोखीम सर्वस्वी मालकाची. ज्याला आपण घराबाहेर काढतोय, त्यालाच सांगायचं की तुझ्या घराची जबाबदारी तुझी! तर्कशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण असा युक्तिवाद विरळाच पाहिला.

सरकारवर भरवसा कोण ठेवणार? लोकांनी शेजाऱ्यांकडे, चर्चमध्ये, बौद्ध मंदिरांत सामान ठेवलं. अनेकांनी मिळेल त्या किमतीला विकून टाकलं. सिअ‍ॅटलमध्ये १९१०च्या सुमारास बांधलेलं ‘पनामा हॉटेल’ आहे. त्याच्या तळघरात अनेक कुटुंबांनी आपल्या पेट्या ठेवल्या. १९४५मध्ये परतीची वाट मोकळी झाली, पण सगळे परतले नाहीत. त्यांतल्या काही पेट्या आजही तिथेच आहेत. चहाघराच्या जमिनीत काच बसवली आहे, तिच्यातून त्या दिसतात. इतर ठिकाणी ठेवलेलं बरंचसं सामान चोरीला गेलं, नासलं.

आता तिसरा ढीग पाहा. तो कुठल्याच यादीत नव्हता. जपानी भाषेतली पत्रं, पुस्तकं, नातेवाइकांचे फोटो घरात सापडले तर संशय येईल, या भीतीनं अनेक कुटुंबांनी ते स्वतःच जाळले किंवा पुरले. १९४८च्या कायद्यानं मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई देऊ केली, पण पुराव्यानिशी. पियानोची पावती एखाद्याकडे असेलही. चुलीत घातलेल्या पत्राची पावती कुठून आणायची? माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर, हे व्हायला १९८८ साल उजाडलं. तोवर आईबापांची पिढी बव्हंशी गेलेली होती.

विल्यम जेम्स या तत्त्वज्ञानं १८९०च्या आपल्या ग्रंथात म्हटलंय की माणसाचा ‘मी’ त्याच्या देहापाशी संपत नाही. कपडे, घर, आप्त, जे जे तो ‘माझं’ म्हणतो, ते सगळं त्यात येतं. आपल्याकडे यावर लगेच म्हणतील, ही तर आसक्ती, सोडायला शिका. मान्य. पण सोडणं आणि हिसकावलं जाणं यांत फरक आहे. त्याग ज्याचा त्यानं करायचा असतो. दुसऱ्यानं करायला लावला तर त्याला त्याग म्हणत नाहीत.

माझी अडचण त्यांच्यापुढे काहीच नाही. मला मुदत होती, करार होता, परत यायला घर आहे. त्यांना निवडायला आठवडा मिळाला. म्हणून सांगतो, सामान बांधणं हे क्षुल्लक काम समजू नका. काय उचलायचं हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, एवढी गोष्टसुद्धा प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

त्या खोक्यावर शेवटी मी लिहिलं : ‘बरोबर न्यायचं’. ते गोदामात गेलं नाही. सध्या माझ्या पलंगाखाली आहे, आणि बायको रोज केर काढताना कुरकुरते.